आजोबांचे आमेन

परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांत एक नियम होता. महत्त्वाचे काही करण्याआधी किंवा महत्त्वाचे उत्तर देण्याआधी सर्वांनी एकत्र बसायचे, डोळे मिटायचे आणि गप्प राहायचे. मनातल्या मनात मागणेही मागायचे नाही. मागण्यासाठी रोजची प्रार्थना होती; हे नुसते थांबणे. आजोबा ‘आमेन’ म्हणाले की ते संपे. तोवर कोणी उठत नसे.

आजोबा नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत उपदेशक म्हणून हिंडले होते आणि म्हातारपणी आमच्याकडे आले होते. या नियमाला त्यांच्याकडे बायबलमधल्या शुभवर्तमानातला आधार होता. लोक एका बाईला व्यभिचाराच्या आरोपावरून येशूपुढे धरून आणतात. त्यांच्या हातात दगड असतात आणि निकाल ताबडतोब हवा असतो. येशू खाली वाकतो आणि बोटाने जमिनीवर लिहीत राहतो. आजोबा विचारत, “त्याला उत्तर ठाऊक नव्हतं का? होतं. पण आधी तो थांबला. मग एकच वाक्य बोलला, ज्यानं पाप केलं नसेल त्यानं पहिला दगड मारावा, आणि सगळे आपापल्या घरी गेले.”

मी तेव्हा गिरगावातल्या एका मराठी दैनिकात नुकताच लागलो होतो. तिथे वाक्य आधी लागे. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज लालबागला सभा, उद्या हरताळ, परवा मोर्चा. शहरात थांबण्याच्या बाजूने कोणी नव्हते. आमच्या घरात मात्र हरताळाच्या दिवशी वडिलांनी कामावर जावे की नाही, यासाठीही सगळे आधी गप्प बसले होते. मग वडील गेले नाहीत. शेजारच्या मालवणी काकूंना या प्रकाराचे नवल वाटे. त्या आईला म्हणत, “तुमच्या देवाक आयकाक तरी कसा येता गो? तुमी तर कायच बोलनास नाय.”

अशाच एका रविवारी ताईला मागणी आली होती. ताई परळच्याच एका इस्पितळात नर्स होती. आधीच्या दोन स्थळांनी लग्नानंतर नोकरी करू देऊ, असे मोठ्या मनाने सांगितले होते. ‘देऊ’ हा शब्द ताईला आवडला नव्हता आणि दोन्ही स्थळे परत गेली होती. हे तिसरे स्थळ फणसवाडीतले. मुलगा शाळेत भूगोल शिकवत असे. आईवडिलांना तो पसंत होता. ताईने आदल्या दिवशीच मला सांगून ठेवले होते, “आजोबांचं आमेन झालं की मी नाही म्हणणार. तू मध्ये बोलू नकोस.”

भायखळ्याच्या देवळातली (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) उपासना आटोपून मंडळी आमच्याकडे आली. मुलगा आणि त्याची आई, दोघेच. सलाम झाले. मुलाच्या आईने जिना चढतानाच सांगून टाकले की त्यांच्या घरात ढोलकी आणि पेटी आहे, रोज संध्याकाळी गायन होते आणि सुनेला गळा नसला तरी चालेल, टाळ वाजवता आला म्हणजे झाले. ताईने माझ्याकडे पाहिले. तिचे ‘नाही’ आणखी पक्के झालेले दिसत होते.

आईने घाईत एक चूक केली. थांबणे व्हायच्या आधीच चहा ओतला. आजोबांनी आमच्या घरची पद्धत पाहुण्यांना समजावून सांगितली आणि डोळे मिटले. आम्हीही मिटले.

एरवी हे थांबणे इतके थोडे असे की ओतलेला चहा निवलाही नसता. त्या दिवशी चहावर साय धरली, तरी आमेन येईना. खालच्या रस्त्यावरून मोर्चा घोषणा देत गेला. मला शिवाजी पार्कच्या सभेचे वृत्त घ्यायचे होते आणि निघायची वेळ होत आली होती. आजोबा आज फारच खोल गेलेले दिसतात, असे मला वाटले. वडिलांनाही तेच वाटत होते, हे त्यांनी नंतर सांगितले. मग एक बारीक, लयबद्ध आवाज येऊ लागला आणि सगळ्यांना कळले की आजोबांना झोप लागली आहे.

आता पंचाईत झाली. आमेन म्हणण्याचा अधिकार एकट्या आजोबांचा. त्यांना उठवावे, तर ते प्रार्थनेत झोपले हे पाहुण्यांसमोर कबूल करण्यासारखे. मी डोळे किलकिले केले. आईचेही किलकिले होते. ताईचे तर सरळ उघडे होते.

आजोबांची मान आणखी खाली आली आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर उतरला. तो पडणार, तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलाने हात पुढे केला, चष्मा तळहातावर झेलला आणि तसाच धरून पुन्हा डोळे मिटले. त्याच्या आईने त्याला कोपराने ढोसले. म्हाताऱ्यांना हलव, असा त्याचा अर्थ. त्याने डोळे न उघडता मान हलवली. नाही. ताई हे सगळे पाहत होती.

तेवढ्यात काकू पिठाची चाळण मागायला दारात आल्या. खोलीभर माणसे, सगळ्यांच्या माना खाली, चहा तसाच. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि हलक्या आवाजात विचारले, “कोण गेला गो?”

आजोबा जागे झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “आमेन.”

हसू प्रथम मुलाच्या आईला आले. मग कोणालाच आवरेना. आजोबांनी चष्म्यासाठी हात पुढे केला, तो मुलाने दिला, आणि तो त्याच्याकडे कसा गेला हे आजोबांनी विचारले नाही. ते ताईकडे वळले. “बोल, बाळ.”

 मी ‘नाही’ ऐकायच्या तयारीत होतो. ताई मुलाला म्हणाली, “मला रात्रपाळी असते. सकाळी घरी येऊन मी झोपते. तेव्हा तुम्ही काय कराल?”

तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, “आता बसलो होतो, तसाच बसेन.”

“आणि ढोलकी?”

“संध्याकाळी,” त्याची आई घाईने म्हणाली. “ती उठल्यावर.”

ताईने निवलेला चहा उचलला. “दुसरा करते,” म्हणाली, आणि स्वयंपाकाच्या खोलीकडे जाता जाता आईला सांगून गेली, “माझं हो आहे.” काकूंना चाळण मिळालीच नाही, त्या दारातच बसल्या आणि सगळे ठरेपर्यंत उठल्या नाहीत.

मी धावतपळत शिवाजी पार्कला पोहोचलो. वक्ते अजून यायचे होते.

संध्याकाळी आजोबा वडिलांना समाधानाने म्हणाले, “आज देवानं वेळ घेतला, पण उत्तर चांगलं दिलं.” वडिलांनी होकार दिला. त्यात खोटे काही नव्हते.

लग्न भायखळ्याच्या देवळात झाले. पाळकसाहेबांनी वधूवरांसाठी मूक प्रार्थना करायला सांगितली, तेव्हा ताईने मागे वळून मला खूण केली. मी आजोबांच्या शेजारीच बसलो होतो, हात त्यांच्या चष्म्याखाली धरून.