कापसाच्या खोलीतलं ग्राफिक्स कार्ड

निकिता आसुटकरला गावात कोणी खेळाडू म्हणत नसे. खेळाडू म्हणजे कबड्डीची पोरं. खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन अडकवून संगणकावर बंदुका चालवणाऱ्या पोरीला काय म्हणावं, हे वणीजवळच्या त्या गावाला ठाऊकच नव्हतं. "घनश्यामची पोरगी डब्यासंगं बोलते," असं बायका म्हणायच्या, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्या डब्यातूनच पुण्याच्या एका संघाने तिला हेरलं होतं. मे महिन्यात निवडीचा सामना होता, घरूनच ऑनलाइन खेळायचा. जमलं तर पुण्यात राहणं, पगार आणि दिवसभर खेळणं. नाही जमलं तर बी.ए. झालेल्या मुलीचं गावात जे होतं, ते.

अडचण जुन्या ग्राफिक्स कार्डाची होती. पडद्यावर चित्र उमटवायचं काम त्याचं, आणि नव्या खेळात ते इतकं अडखळायचं की शत्रू दिसायच्या आधी निकिता मेलेली असायची. छोट्या स्पर्धांतून जिंकलेलं सगळं घालून तिने नागपूरहून एक वापरलेलं, पण दमदार कार्ड आणलं. ते एवढं लांब की संगणकाच्या डब्यात, कॅबिनेटमध्ये, मावेना. मग ती रिकामं कॅबिनेट घेऊन फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेली.

"कायले कापू ही पट्टी?" ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सांधणाऱ्या त्या बाप्याने विचारलं.

"खेळाले," ती म्हणाली. तो पाहतच राहिला, पण पट्टी कापून दिली.

कार्ड चालायला लागलं आणि निकिताचं नशीबही चालायला लागल्यासारखं वाटलं. फक्त ते तव्यासारखं तापायचं. तिने स्क्रू काढले, उष्णता ओढून घेणारी, पण वाळून खडखडीत झालेली आतली पेस्ट पुसली, नवी लावली, कॅबिनेटची एक बाजू उघडीच ठेवली. उन्हाळा लागल्यावर दाराशी पाण्याचा कूलर मांडला आणि त्याचं तोंड अंतरावरून डब्याकडे वळवलं. मैनाबाई, तिची आई, हसून म्हणाली, "माणसाले घाम सुटला आन् हवा डब्याले!" पण कूलरमध्ये पाणी तीच भरत असे.

आता कापसाचं सांगायला हवं, कारण घात तिथेच झाला. आदल्या वर्षी भाव आभाळाला टेकला होता. त्यामुळे या वर्षी कोणी कापूस विकेना. संक्रांतीच्या आधी बऱ्यापैकी भाव होता तेव्हा घनश्यामने लेकीला विचारलं होतं. घरात मोबाइलवर बाजार पाहणारी तीच.

"विकू का गं?"

"थांबा बाबा, वाढन अजून."

"तू म्हणतं त थांबतो."

तो थांबला आणि भाव उतरत गेला. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला! घरोघर कापूस छतापर्यंत चढला. माणसं अंग खाजवत त्याच्या शेजारी झोपायची, पोरं खोकायची. घनश्यामने मात्र एकदाही 'तूच सांगतलं होतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती त्याच्याशी भांडली असती, रडली असती, मोकळी झाली असती.

सामन्याच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं. मे महिन्यातला अवकाळी पाऊस, वाऱ्यासकट. टिनाच्या सपरीत ठेवलेल्या कापसावर पाणी गळायला लागलं. भिजलेला कापूस काळा पडतो, मग त्याला कुत्रं विचारत नाही. घरात जागा उरली होती ती एकच, निकिताची खोली.

घनश्याम दारात उभा राहिला. डोक्यावर कापसाचं गाठोडं, अंगावरून पाणी निथळतंय.

"तुह्या मशीनले चालन काय?"

चालणार नव्हतं. निकिताला ते पक्कं ठाऊक होतं. कार्डाचे पंखे हवा ओढतात, हवेबरोबर तंतू ओढतील, आणि कापसाला ओलसर हवा नको म्हणून कूलरही हलवावा लागेल. पण हा कापूस कुणाच्या सांगण्यावरून घरात राहिला होता?

"चालते बाबा. आणा आत."

तिने स्वतः गाठोडी वाहिली. संध्याकाळपर्यंत टेबल आणि खाट सोडून खोली पांढरी झाली. कूलर ओसरीत गेला.

सकाळी मैनाबाईने लेकीला डब्याच्या उघड्या तोंडाकडे टक लावून बसलेलं पाहिलं. पोरीचं काय बिनसलंय हे तिला न विचारता कळलं. जुन्या पातळाचं एक फडकं फाडून तिने ते डब्याच्या उघड्या बाजूवर ताणून बांधलं. हंड्याच्या तोंडाला पाणी गाळायला बांधतात, तसं.

"पानी गाळून घेतो, तशी हवा गाळून घेईन तो. कचरा भाईर राहीन."

निकिताने थोडा वेळ खेळून पाहिलं. कार्ड तापलं, पण टिकलं. फडकं काढावं असं एकदा मनात आलं. मग आईने मारलेली नीटस गाठ दिसली आणि तिने हात मागे घेतला.

सामना भर दुपारी सुरू झाला. बाहेर ऊन पुन्हा तापलेलं, आत कापसाची ऊब. पहिला डाव तिने एकटीने खेचून आणला. पुण्याचा कप्तान कानात ओरडला, "वा निकिता!" तेवढा एक क्षण तिचा होता. दुसऱ्या डावात चित्र अडकायला लागलं. शत्रू उड्या मारत पुढे यायचा, तिची बंदूक मागे राहायची. पंख्यांचा घोंगाट वाढला, मग त्याचं केकाटणं झालं. "निकिता, मूव्ह! काय करतेयस?" कप्तान विचारत होता. आणि पडदा काळा झाला.

तिने फडकं ओरबाडून काढलं. पंख्यांच्या ओढीने ते आत खेचलं गेलं होतं आणि बाहेरून त्यावर कापसाचा थर बसून गोधडी झाली होती. कचरा बाहेर राहिला होता खरा, पण हवाही बाहेरच राहिली होती. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत तिच्या जागी दुसरा मुलगा खेळत होता. त्यालाच घेतलं. कप्तानाने "पुढच्या वेळी नक्की" असं लिहिलं. पुढची वेळ आलीच नाही.

मैनाबाई फडकं हातात धरून उभी होती. "माह्यामुळं झालं का गं?"

"नाई माय. लाइट गेलती," निकिता म्हणाली. पंखा वर गरगर फिरत होता. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पेरणी तोंडावर आली तेव्हा घनश्यामने मिळेल त्या भावात कापूस काढून टाकला. खोली रिकामी झाली. निकिताने कार्ड उघडून तंतू टोकरून काढले, कूलर परत आणला आणि मशीन सुरू केलं. कार्ड थंड राहिलं, एकदाही अडखळलं नाही. तिला रडू कोसळलं. जळून गेलं असतं तर निदान त्याच्या नावाने रडता आलं असतं.

दार ढकलून घनश्याम आत आला. तिचे डोळे त्याने पाहिले की नाही, कुणास ठाऊक. तो खाटेच्या कडेवर टेकला.

"औंदा काय पेरू, पाह्य बरं मोबाइलमधी. तू म्हणशीन तेच पेरतो."