मामांची बिनक्लचची मोटार

माझं लग्न जमलं ते अमेरिकन इंजिनियरांच्या हुशारीमुळं. त्यांना मात्र याची अजून खबर नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि मी नव्या कचेरीत कारकून. जिल्ह्याला शोभेल अशी गाडी गावात पाहिजे, म्हणून सरकारी कामांची कंत्राटं घेणाऱ्या आमच्या गुत्तेदार मामांनी हैदराबादच्या एका नवाबाची अमेरिकन मोटार आणली. मोटार कसली, चाकांवरची माडी! पुढं सलग सोफा, गियरची दांडी स्टेअरिंगला, बटण दाबलं की काच आपोआप खाली. (वर मात्र दोघांनी ओढायची.)

"क्लचच न्हाई भाच्या! दांडी ओढली की निघाली. आटोमॅटिक!" मामा मिशीला पीळ देत सांगत. खोट एकच. बंद केली की पुन्हा चालू होईना, म्हणून मामा ती बंदच करत नसत.

देवणीपासून उमरीपर्यंत मुली पाहून, नकार खाऊन झाले होते. उरलं होतं मुरुड. दुष्काळ असा की कावळेसुद्धा विचारून पाणी पीत. आम्ही याच मोटारीतून निघालो. अमेरिकेत स्टेअरिंग डावीकडं, म्हणून मामा डावीकडं, मी उजवीकडं. आता आपल्याकडं उजवीकडं कोण बसतो? डायव्हर!

मुलीच्या वडलांनी धावत येऊन डावं दार उघडलं आणि मामांच्या गळ्यात हार घातला. "या जावईबापू!"

"नवरदेव लई जून दिसायलेत की," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"असू दे रं! गाडी बघ ना गाडी!"

मामांनी तोंड उघडलं, तर त्यात पेढा कोंबून त्यांना ओसरीवर नेलं. मला फर्मान सुटलं, "ए डायव्हर, गाडी लिंबाखाली लाव!"

मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. पण होणाऱ्या सासऱ्याचा पहिलाच शब्द मोडायचा कसा? सोफ्यावरून घसरत डावीकडं गेलो आणि दांडी ओढली. मोटार खरंच निघाली... मागं! दारात टँकरनं नुकतीच भरलेली पिंपं ओळीनं उभी होती. ती ओळीनंच आडवी झाली. मुरुडात त्या साली पूर आला तो एवढाच. शेळ्या, कोंबड्या, शेजारीपाजारी, सगळे धावले!

"आठवड्याचं पाणी गेलं की!" मुलीच्या वडलांनी टाहो फोडला. "जावईबापू, आधी काढून टाका असल्या डायव्हरला!"

"काढता येत न्हाई पाव्हणं," मामा पेढा गिळून म्हणाले. "नवरदेव त्योच हाय."

सोयरीक त्या पाण्यासंगं गटारात चाललेली मला दिसली. तेवढ्यात दारातून मुलगी म्हणाली, "अण्णा, हाव म्हणा. येत नसलं तरी सांगितलेलं ऐकतो, असा माणूस कुठं मिळणार? पाणीबी तोच भरून दील!"

मामांची मोटार पुढं भंगारात गेली. मी अजून चालू आहे. टँकरचा भोंगा वाजला, हुकूम सुटला, की घागर घेऊन निघालो. आटोमॅटिक! मागं जायची सोय तेवढी बायकोनं काढून टाकली आहे.