उजव्या पायात बूट, डाव्या पायात चप्पल

आमच्या कडावात दादांची फटफटी सुरू झाली की जी माणसं दचकायची, त्यांत दादा स्वतःही असायचे.

दादा म्हणजे माझे वडील. आरोग्य खात्यात हिवतापाच्या कामावर होते. डोंगरातल्या वाड्यांवर जायचं, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि गोळ्या द्यायच्या. या कामासाठी त्यांनी खंडाळ्याच्या एका पारशीबाबांकडून जुनी फटफटी घेतली होती. काळी, अस्सल लोखंडी, वजनाला गाभण म्हशीएवढी! आवाज असा की ती शेजारच्या कशेळे गावात असली की आमच्या घरातली भांडी वाजायची. त्यामुळे व्हायचं काय, की दादा वाडीवर पोचायच्या आधी सगळी वाडी रानात पळालेली असायची. ('रक्तवाला आला' म्हणून.) शेवटी दादा अर्धा मैल अलीकडेच इंजीन बंद करायचे आणि ते धूड चढावर ढकलत न्यायचे. वाडीवर पोचेपर्यंत तपासायला हवं अशी अवस्था दादांचीच झालेली असायची.

मी तेव्हा साजगावच्या एका कारखान्यात फिटर होतो. कडावहून कर्जतपर्यंत सायकल, आणि तिथून पुढे मोहितेच्या मागे बसून. मोहिते हा माझा कारखान्यातला मित्र. त्याच्याकडे नवीन निघालेली जपानी पद्धतीची मोटरसायकल होती. ऐंशीच्या दशकाच्या मधोमधचा तो काळ. त्या गाडीसाठी लोक नंबर लावून वर्ष वर्ष थांबायचे. लाल टाकी, दोन्ही बाजूंना आरसे, आणि एका किकमध्ये सुरू! आवाज तर इतका कमी की पहिल्यांदा मी खाली वाकून इंजीन आहे ना, हे बघितलं होतं. मी मोहितेच्या इतका मागे लागलो की शेवटी तो मागे बसायला लागला आणि गाडी रोज मी चालवायला लागलो. तीन महिने!

आणि एक दिवस मलाही पत्र आलं. मीसुद्धा नंबर लावला होता, तो लागला होता. पंधरा दिवसांत गाडी न्या, नाहीतर नंबर पुढच्याला.

पत्र वाचून दादा म्हणाले, "आन आपल्या फटफटीला काय झालंय?"

"दादा, ती जुनी झाली."

"मी बी जुना झालो. मला कुठं देतूस?"

आई चुलीपुढून म्हणाली, "तुमाला कोण घेतोय?"

हा वाद तीन दिवस चालला. मी नव्या गाडीचे गुण सांगायचो आणि दादा जुनीचे. मी म्हणायचो, नवी पेट्रोल कमी पिते. दादा म्हणायचे, जुनीच्या दुरुस्तीला घरचा हातोडा पुरतो. मी म्हणायचो, नवी हलकी आहे. दादा म्हणायचे, "मंग वाऱ्यानं उडंल." शेवटी त्यांनी निकाल दिला. "मी सोता चालवून बघतो. दोनी गाड्या एकाच रस्त्यानं, एकाच दिवशी, जाताना नवी आन येताना जुनी. तुझ्या आयला मागं बसवून. ती म्हनंल ती गाडी."

म्हणजे आता मोहितेची गाडी मागणं आलं. मोहिते हो म्हणाला, पण त्याचा चेहरा रक्तदानाला आलेल्या माणसासारखा झाला होता. "सुन्या, मंगळवारी खालापूरला माझा साखरपुडा आहे. सासऱ्यांना सांगून ठेवलंय, नव्या गाडीवर येतो म्हणून. ओरखडा पडता कामा नये."

"अरे, दादा पंचवीस वर्षं गाडी चालवतात!"

"मी बरोबर येणार," मोहिते म्हणाला. "गाडी नजरेआड करणार नाही."

रविवारी सकाळी तो गाडी पुसून, टाकीवर टॉवेल पांघरून कडावात हजर झाला.

खरी अडचण मला माहीत होती. जुन्या फटफटीला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. नव्या गाडीला बरोबर उलटं! गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. पंचवीस वर्षं डाव्या पायाने थांबणारा माणूस अचानक उजव्याने कसा थांबेल? म्हणून मी दादांना अंगणात उभं करून शिकवणी घेतली.

"दादा, नीट ऐका. माणसाचं डोकं विसरतं, पण पाय विसरत नाही. संकट आलं की तुमचा डावा पाय आपोआप दाबला जाणार. तिथेच सावध राहायचं. ब्रेक कुठला?"

"उजवा."

"म्हैस आली तर?"

"उजवा."

"घाबरलात तर?"

"मी कशाला घाबरू?"

अर्धा तास मी बोलत होतो. गल्लीतली चार माणसं येऊन उभी राहिली, तेव्हा मला जास्तच चेव चढला. मी त्यांनाही समजावलं. दादांनी सगळं निमूट ऐकून घेतलं आणि ते घरात गेले. बाहेर आले ते उजव्या पायात खात्याचा जुना काळा बूट आणि डाव्या पायात चप्पल घालून!

आई हादरलीच. "अवो, ह्ये काय? लोकं काय म्हनतील?"

"ज्या पायात बूट, तो ब्रेक," दादा शांतपणे म्हणाले. "लोकं काय म्हनायची ती म्हनू दे. बस मागं."

आई बसली. दादांनी किक मारली. थोडा वेळ गेला.

"चालू करा ना," आई म्हणाली.

"चालू हाय गं."

"काय तरीच! आवाज कुठंय?"

"नवी गाडी हाय. आवाज नसतो तिला."

"आगं बया! मंग कळायचं कसं?" एवढं ती म्हणेपर्यंत गाडी गावाबाहेर गेलीसुद्धा.

मागून मी जुन्या फटफटीवर निघालो, कळंबच्या रस्त्याने. माझ्या मागे मोहिते. त्याने माझे खांदे असे धरले होते की जणू मी पळून जाणार होतो. पुढे दादा झकास चालले होते. वळणावर अलगद वेग कमी, खड्डा आला की हलकेच बाजूला. पेज नदीच्या पुलाकडे त्यांनी गाडी थांबवली तीही लोण्यासारखी. बूट खाली, गाडी थांबली! मोहिते माझ्या कानात ओरडला (जुन्या फटफटीवर ओरडल्याशिवाय बोलता यायचं नाही), "तुझे दादा एक नंबर आहेत रे! मी उगाच घाबरत होतो!"

"मी शिकवलंय!" मी ओरडलो.

कालव्याच्या कडेचा रस्ता लागला. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला उन्हाळी भाताची रोपं, आणि रस्त्याच्या मधोमध एक म्हैस. आता त्या भागातल्या म्हशी दादांना ओळखायच्या. फटफटीचा आवाज आला की त्या उठून बाजूला व्हायच्या. पण या गाडीला आवाजच नाही! म्हैस रवंथ करत उभी. दादांनी बूट दाबला. गाडी म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. आई खाली उतरून "हाऽ हाऽ" करत म्हशीला हाकलायला पुढे गेली.

हे सगळं मला मागून स्वच्छ दिसत होतं. भरपूर अंतर होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी ब्रेक दाबला.

उजव्या पायाने!

तीन महिने मोहितेची गाडी चालवलेला माझा पाय! त्याला शिकवणी कोणी दिली होती? जुन्या फटफटीला उजव्या पायाला गिअर, आणि तो खाली दाबला की गाडी पुढच्या गिअरमध्ये जायची. ती गेली. 'धडाड्' असा आवाज करून आनंदाने गेली.

"अरे, ब्रेक मार!" मोहिते ओरडला.

"मारतोय!" मी आणखी जोरात दाबला. आणखी वरचा गिअर!

"मग थांबत का नाही?"

"काय माहीत! फेल झाला असेल!"

"सुन्याऽऽ, समोर माझी गाडी आहे!"

"दिसतेय!"

मी दाबत होतो. त्या गाडीत आणखी चार गिअर असते तर तेही मी टाकले असते. त्या क्षणी एकच बरी गोष्ट झाली. नव्या गाडीला आरसे होते. दादांना आरशात आपलाच मुलगा, आपलीच फटफटी आणि किंचाळणारा मोहिते असं एकत्र चित्र दिसलं. त्यांनी क्षणाचाही विचार न करता गाडी सोडली आणि बाजूच्या भातात उडी मारली.

मग मोठा आवाज झाला.

मी डोळे उघडले तेव्हा मी रस्त्यावर बसलो होतो. जुनी फटफटी माझ्या शेजारी आडवी पडून अजूनही धडधडत होती. दादा चिखलातून उठत होते. डाव्या पायातली चप्पल गेली होती, उजव्या पायात बूट होता. आई तोंडावर हात धरून उभी. म्हैस होती तिथेच उभी. आणि लाल टाकीची नवीकोरी गाडी कालव्यात! पाण्याबाहेर फक्त एक हँडल आणि एक आरसा. बुडबुडे येत होते.

मोहिते कालव्याच्या काठावर उभा होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तो बोलत नव्हता. मी म्हणालो, "मोहिते..." तो नाही बोलला. आई म्हणाली, "पोरा, पानी पी." तो नाही बोलला. ते शेवटचे बुडबुडे संपेपर्यंत तो बघत राहिला. आपल्याच गाडीवर धडकायला आपण स्वतःच मागे बसून आलो, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मला तर शरमेने त्याच कालव्यात उतरून बसावंसं वाटत होतं.

दादा माझ्याजवळ आले. मला वाटलं, कानाखाली बसणार. त्यांनी माझे हात-पाय चाचपून बघितले, काही मोडलं नाही याची खात्री केली आणि मग विचारलं, "कुठला पाय दाबलास?"

मी उजव्या पायाकडे बघितलं.

"घाबरला व्हतास?"

मी उठून फटफटी बंद करायला गेलो.

तेवढ्यात वरच्या ठाकरवाडीतली माणसं मोळ्या घेऊन खाली आली. त्यांच्यातला काळूबाबा दादांचा जुना ओळखीचा. एकेकाळी सगळ्यांत लांब पळणारा. तो आणि तिघं जण कालव्यात उतरले. दोर लावून गाडी वर काढली. मागचा दिवा फुटलेला, मडगार्ड वाकलेलं, टाकीला हे एवढे पोचे, आणि सायलेन्सरमधून धो धो पाणी. काळूबाबाने गाडी सगळीकडून निरखली.

"दादा, ही तुमी घेनार?"

"पोरगा घेतोय."

"हिला आवाज नाय म्हनतात?"

"नाय."

काळूबाबा गंभीर झाला. "मंग आमी पळायचं कसं?"

दादा खदाखदा हसायला लागले. हसता हसता खाली बसले. "बघ," ते मला म्हणाले, "ही गाडी तवा असती तर समदी वाडी जागच्या जागी सापडली असती रं. निम्म्या लोकांचा ताप दोन दिस आदी उतरला असता." आणि मग, आपल्याशीच बोलल्यासारखं, "चांगली गाडी हाय. घे तू."

हा निकाल ऐकून मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

नवी गाडी बैलगाडीत घालून कर्जतला गेली. मंगळवारचं काय, हा प्रश्न दादांनीच सोडवला. मोहितेला खालापूरला त्यांनी स्वतः नेलं, जुन्या फटफटीवर. तिचं हँडल वाकलं होतं, ते त्यांनी घरच्या हातोड्याने सरळ केलं. ती येतेय हे सासुरवाडीला इतकं आधी कळलं की सगळे पाहुणे, आचारी आणि शेजारपाजारचे लोक रस्त्यावर येऊन उभे होते. मोहितेच्या सासऱ्यांना दादा आणि फटफटी दोन्ही आवडले. "नवी गाडी कुठंय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मोहितेने दोन दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि सगळी हकिकत सांगितली. नाव-गाव-पत्त्यासकट. माझ्या!

माझी गाडी आली तेव्हा मी ती पनवेलहून आणली आणि थेट मोहितेच्या दारात उभी केली. किल्ली त्याच्या हातात दिली आणि त्याची दुरुस्त केलेली, टाकीला पोचे असलेली गाडी मी घेतली. तो नको नको म्हणाला. (दोनदाच म्हणाला.) त्या गाडीने मला पुढे कितीतरी वर्षं साथ दिली, फक्त पावसाळ्यात तिच्यातून कालव्याचा वास यायचा. आई तिच्यावर माझ्या मागे कधीच बसली नाही. दादांच्या मागे मात्र ती शेवटपर्यंत बसायची, कुठल्याही गाडीवर.

मोहितेचं लग्न त्याच उन्हाळ्यात खालापूरला झालं. वरातीत नवरदेव नव्या गाडीवर बसणार असं ठरलं, आणि चालवायला नवरीकडच्यांनी आग्रहाने दादांना बोलावलं. दादा दोन्ही पायांत बूट घालून ऐटीत बसले. मागे मोहिते, डोक्याला फेटा. मी आपला चालत निघालो, गाडीच्या मागून, वऱ्हाडी मंडळींबरोबर. दहा पावलं झाली नसतील तोच मोहितेने मान वळवून मला बघितलं आणि दादांच्या खांद्याला हात लावून वरात थांबवली. मोहितेचे सासरे लगबगीने आले, मला दंडाला धरून सन्मानाने पार बँडवाल्यांच्याही पुढे नेऊन उभं केलं आणि हात जोडून म्हणाले,

"पाव्हणं, तुमी पायी हाय ते ठीक. पण मागं नगा राहू."