चालत्या मागांतली धमकी

पोलिसाच्या नोकरीतल्या पुष्कळ केसेस मी विसरलो. बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या त्या माग-कामगाराची काही विसरता आली नाही. नाव कुणाचंच घेत नाही, लोकांना अजून गावात राहायचं आहे.

त्याला जिलाबदर केलं होतं. म्हणजे वर्षभर बुऱ्हाणपूर जिल्ह्यात पाय ठेवायचा नाही. हुकूम सरकारी. कारण काय, तर माणूस गुंड आहे, कारखान्यात धमक्या देतो, लोक त्याला भितात. खरं म्हणजे पॉवरलूमच्या कामगारांना गोळा करून तो आठवड्याची सुट्टी मागत होता. बिचारा हद्दीपलीकडे रावेरला मेव्हण्याकडे राहत होता.

एका सकाळी मुखबिराचा, म्हणजे आमच्या खबऱ्याचा, फोन आला. "साब, आपला जिलाबदर घरी आलाय. मजेत चाय पी रहा है."

शिपाई घेऊन गेलो. चहा तो पीत नव्हता, बायकोला बशीनं पाजत होता. बाई खाटेवर. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. लिव्हर गेलं होतं. मला बघून तीच म्हणाली, "साहेब, एवढा चहा होऊ द्या."

होऊ दिला. मग त्याला ठाण्यात आणला.

विचारपूस सुरू केली तर हा ओरडूनच बोलायला लागला. ठाण्यात लिखापढी करणारा मुंशी वैतागला, "अबे, हळू बोल. ठाणं आहे हे!"

"हळूच बोलतोय ना साहेब!" तो तसाच ओरडला. सगळे हसले. जन्म मागावर काढलेला माणूस असाच बोलतो, त्याचे कान गेलेले असतात.

मी विचारलं, "कारखान्यात धमकी दिली का?"

"माग चालू असताना? साहेब, तिथं मी मेलो तरी बाजूच्याला कळणार नाही. आम्ही तिथं हातानं बोलतो."

जामिनावर सुटला आणि परत रावेरला गेला. पण जाताना वकील गाठून त्यानं जबलपूरच्या हायकोर्टात अर्ज लावला. कोर्टानं फाईल मागवली. ती घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं.

जायच्या आधी मी गवाहांचे बयान वाचले. गवाह दोघं. एक ठाण्यासमोरचा पानवाला, दुसरा आमच्या फाटकातला ऑटोवाला. कोणतीही केस असो, सही या दोघांची. आमच्याकडची ही जुनी रीत. दोघांनी सांगितलं होतं की माग चालू होते, हा दारात उभा राहून "एकेकाला बघून घेईन" म्हणाला आणि आम्ही बाहेरून ऐकलं.

मी त्या कारखान्यात जाऊन उभा राहिलो. शिपायाला म्हटलं, हातभर अंतरावरून तेच बोल. त्याचं तोंड हललं. मागांच्या खडखडाटात शब्द एक नाही आला.

टीआय साहेबांना, म्हणजे आमच्या ठाणेदारांना, सांगितलं तर ते भडकले. "तू काय कामगारांचा वकील झाला का?"

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, कोर्टानं विचारलं तर नाही ऐकू आलं म्हणा. त्यात भ्यायचं काय?"

जबलपूरला त्याच्या वकिलानं नेमकं हेच मांडलं. सरकारी वकील म्हणाले, गवाहांचे बयान आहेत. जजसाहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"आप वहाँ गए थे?"

"जी."

"लूम चलते वक्त कुछ सुनाई दिया?"

"नहीं हुजूर. कुछ नहीं."

हुकूम रद्द झाला. जजसाहेब म्हणाले, माणसाला घरातून काढायचं तर सरकारकडे पक्कं कारण पाहिजे, सुट्टी मागणं ही गुंडगिरी नाही.

बाहेर येऊन मी त्याला फोन लावला.

"आँ?" तो म्हणाला.

"घरी जा रे! घरी!" आता मी ओरडत होतो. काळ्या कोटवाले सगळे वळून बघायला लागले.

त्याची बायको दिवाळीपर्यंत राहिली. तो जवळ होता.

गुंडाला धाक पाहिजेच, जन्मभर मी तेच काम केलं. पण आम्ही एकदा कागद चालवला की ठाण्यापासून वरच्या साहेबापर्यंत सगळे सह्या करत जातात, कोणी थांबून विचारत नाही. "कशावरून?" एवढं सरकारला विचारणारा कोणी पाहिजे. त्या दिवशी तो हायकोर्टात बसला होता.

माझी बायको या उन्हाळ्यात गेली. शेवटी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होतो. तिथून मला उठवणारं कोणी नव्हतं. एवढ्याची किंमत काय असते, ते तेव्हा कळलं.

तेराव्याला तो माग-कामगार आला होता. मला ताटावर नुसतं बसलेलं बघून जवळ आला आणि त्याच्या परीनं हळूच म्हणाला, "साहेब, दोन घास खाऊन घ्या."

अख्ख्या गल्लीनं ऐकलं.