बंद इंजिनाचा घाट

फोन आला तेव्हा मी लातूरच्या आयटीआयमध्ये मुलांसमोर गिअरबॉक्स उघडून उभा होतो. दादा माहूरच्या घाटात गेला, एवढंच चुलतभाऊ बोलला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, गाडी बंद होती का... भाऊ गेल्यावर कुणी असं विचारतं का? पण मला उत्तर ठाऊक होतं. दीड महिना झाला, राग जात नाही.

माझा थोरला भाऊ घाटाच्या पायथ्याच्या गावातून रोज गडावर जायचा, देवळाजवळ हळदीकुंकवाचं दुकान लावायचा. संध्याकाळी परतताना घाटाच्या तोंडाशी मोटरसायकल न्यूट्रल करून किल्ली फिरवायचा, इंजिन बंद. आमच्याकडचे निम्मे लोक हेच करतात आणि वर त्याला हुशारी म्हणतात. "उतार फुकटचा हाय, पेट्रोल कशाला जाळायचं?" म्हणत तो शीळ घालत निघायचा. सगळा भार ब्रेकवर. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनच चाक धरून ठेवतं, ब्रेक वळणापुरता. सारखा दाबून तापला की तो लागतच नाही... हे मी वीस वर्षं परक्यांच्या पोरांना घसा फोडून सांगतोय. दादाला नाही सांगितलं. थोरल्याला शिकवायचं नसतं, ही आमच्या घरची रीत. वडिलांमागे त्यानेच मला आयटीआयला घातलं, त्याला मी अक्कल शिकवू? डोंबलाची रीत! एकदा भीतभीत म्हणालो, गिअरमध्ये ठेव की. तो हसला. लाज वाटते सांगायला, मीही हसलो.

तेराव्याला लोक म्हणाले, देवीनंच बोलावून घेतलं. त्या सगळ्यांना पंगतीतून उठवावंसं वाटलं. देवीनं किल्ली फिरवली नव्हती.

गेल्या रविवारी वहिनींना घेऊन दुकान आवरायला गेलो. परतताना त्या उरलेल्या मालाचं गाठोडं मांडीवर घेऊन माझ्या मागे बसल्या होत्या. मी दुसरा गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडली. इंजिन घुमू लागलं आणि गाडी आपसूक संथ झाली. अर्धा घाट झाला तरी ब्रेक फारसा लागला नाही.

"भावजी, गाडी अशी बी उतरती व्हय?" वहिनींनी विचारलं.

"हाव."

पुढचं वळण उतरल्यावर त्या म्हणाल्या, "तुमाला आधीपास्नं ठावं व्हतं?"

मी गाडी कडेला घेतली. हो म्हणालो.

वहिनी खाली उतरल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि उरलेला घाट पायी चालू लागल्या. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे जात राहिलो. गाव येईपर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही.