पंधरा तासांचं विमान

पेणजवळच्या जोहे गावच्या गिरजाबाईला सगळ्यात जास्त चीड कशाची असेल, तर छातीठोकपणे सांगितलेल्या खोट्या वेळेची. मुलगा जितेश रोह्याला कंपनीत. शिफ्ट सुटली की फोनवर म्हणायचा, "आये, तासाभरात पोचतोय," आणि वडखळच्या गर्दीत अडकून तिन्हीसांजेला उगवायचा. तोवर भाकरीचं चामडं झालेलं असायचं.

तोच जितेश आता तिला टोरांटोची वाट समजावत होता. लेक अनिता तिथे होती, तिचे दिवस भरत आले होते.

"हे बघ, मोबाईलात आलंय. मुंबई ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर. पंधरा तास."

"नक्की?"

"नक्की गो आये!"

गणपती रंगवण्यात जन्म गेलेली बाई. पेणच्या बाजारापलीकडे तिचं जाणं फारसं नाही. तिने पंधरा तास मनात पक्के धरले. विमानतळाच्या दारात जितेश मधल्या थांब्याचं काहीतरी बोलला, पण बॅगेतला सुका जवळा वास सोडेल का, या घोरात तिने ते ऐकलंच नाही.

विमान उतरलं. एका माणसाने तिला चाकाच्या खुर्चीतून आणून मोठ्या दालनात बसवलं. 'लवकरच आलो की,' तिला वाटलं. 'आभाळात गर्दी नाय ना.' पदर सावरून ती जावई मितेशची वाट बघत बसली.

मितेश आलाच नाही. बऱ्याच वेळाने तोच माणूस आला आणि पुन्हा खुर्ची ढकलू लागला, तशी गिरजाबाई उठून उभी राहिली.

"मी पोचलेय! जावई न्यायला येणार हाय. तुम्ही जावा."

त्याला मराठी कळेना. शेवटी शेजारची साताऱ्याची एक बाई मधे पडली. "मावशी, हे टोरांटो नाही, इस्तंबूल आहे. पुढचं विमान बाकी आहे." तिनेच जितेशला फोन लावून दिला.

"पंधरा तास कुठले सांगितलेस रे मेल्या?"

"आये, ते सरळ गेलं तर..."

"सरळ! तू रोह्यावरनं सरळ घरी आलायस कधी? मला परत ने. नाय जायचं मला कुठं."

जितेश हळूच म्हणाला, "अनिताला दवाखान्यात नेलंय. कळा सुरू झाल्यात."

गिरजाबाई परत खुर्चीत बसली आणि तिने पुढे बोट दाखवलं.

दुसऱ्या विमानात तिचा डोळा लागला नाही. समोरच्या पडद्यावर निळ्या पाण्यावर इवलंसं विमान होतं. कधीही बघावं, ते तिथल्या तिथेच. "हाल की रे," ती चारचौघांत त्याच्यावर खेकसली.

टोरांटोला मितेश दारातच उभा होता. दोन दिवस दाढी न केलेला, पण चेहरा हसरा. "आई, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

"आणि मी कुठं होते? पाण्यावर!" ती गाडीत बसेपर्यंत बडबडत राहिली. जितेशला, मोबाईलला, विमान शोधून काढणाऱ्याला, कुणालाच तिने सोडलं नाही.

दवाखान्यात अनिता उशीला टेकून बसली होती. "आये, केवढा उशीर केलास," म्हणाली आणि रडायला लागली.

गिरजाबाईच्या ओठांवर ते पंधरा तास पुन्हा आले होते, पण तिने ते गिळले. बाळाला घ्यायला पुढे झाली, मग थबकली. बाहेरच्या थंडीने हात बर्फासारखे गार पडले होते. पदरात धरून तिने ते चांगले चोळले आणि मगच नातीला उचललं.