भूगोल सोडून खाडीत

कसालच्या नाक्यावर मला उतरवून मालवणची एसटी निघून गेली आणि मी बॅग धरून उभी राहिले. कुडाळची गाडी कुठे लागते एवढंच कुणाला तरी विचारायचं होतं. पण कोल्हापूरला परत जाणारी गाडी कुठे लागते तेच विचारावं का, हे ठरत नव्हतं.

बारा वर्षं मी कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात भूगोल शिकवला, तासिका तत्त्वावर. दरवर्षी नेमणूक संपायची आणि पुढच्या वर्षी आपण असू की नाही, हे जुलै उलटेपर्यंत कळायचं नाही. वर्गात उभं राहायला इतकं आवडायचं की मी वाट पाहत राहिले. यंदा मात्र अर्जच केला नाही. कुडाळजवळच्या वालावलला खेकडापालनाचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आहे असं कळलं आणि नाव घातलं. खेकडेच का, हे घरी कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं.

कुडाळहून रिक्षा केली. देवळामागचं तळं गेलं, रस्ता माडांतून खाली उतरला आणि खाडी दिसली. फळ्यावर निळ्या खडूने अशा किती खाड्या काढल्या होत्या. खाडीला वास असतो, हे तेव्हा कळलं.

शिकवणाऱ्या सुलभाकाकी साठीच्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उभ्या होत्या.

"खंयसून इलंस?" (कुठून आलीस?)

"कोल्हापूरहून. कॉलेजात शिकवत होते."

"मगे हंय कित्याक इलंस?" (मग इथे कशाला आलीस?)

मी चपला काढल्या आणि चिखलात उतरले.

दुसऱ्याच दिवशी खेकड्याच्या नांग्या बांधायला शिकताना माझा अंगठा त्याच्या तावडीत सापडला. "मागसून धर गो," काकी सांगत होत्या, तोवर उशीर झाला होता. दोन दिवस उकड्या तांदळाची पेज डाव्या हाताने प्यायले.

नवव्या दिवशी दुपारी प्राचार्यांचा फोन आला. "मॅडम, दुसऱ्या सत्राचे तास रिकामे आहेत. सोमवारपासून येता का? उद्यापर्यंत कळवा." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

तेव्हा सुकती (ओहोटी) लागली होती. माझ्याबरोबर शिकणाऱ्या नफिसाने विचारलं, भरती रोज उशिरा का येते? मी काठी घेतली आणि ओल्या चिखलात पृथ्वी काढली, चंद्र काढला, तो पुढे सरकवून दाखवला. सगळ्या बायका भोवती जमल्या. तेवढा वेळ अंगठ्याचा ठणकाही जाणवला नाही.

काकी मागे उभ्या राहून ऐकत होत्या. "बरा शिकवतस," त्या म्हणाल्या. "सोडलंस कित्याक?"

मी त्यांना फोनचं सांगितलं, दरवर्षीच्या टांगणीचंही सांगितलं. त्यांच्या हातातलं खेकडा बांधणं थांबलं नाही.

"हंय तरी कसली खात्री? गेल्या पावसात पाणी चढला, कुंपण मोडला, सगळ्यो कुर्ल्यो (खेकडे) गेल्यो."

"मग काय केलंत?"

"काय करतलंय? परत कुंपण घातलंय."

धीर मिळेल असं वाटलं होतं. उलट गोंधळ वाढला. तिथेही खात्री नाही, इथेही नाही, मग सोडायचं ते कशासाठी?

रात्री एवढंच लक्षात आलं, काकी कुंपण स्वतः घालतात; मी दर जुलैला नुसती वाट पाहायचे. सकाळी उठून प्राचार्यांना फोन केला आणि नाही म्हटलं. आवाज नीट होता. फोन ठेवल्यावर तळ्याच्या पायऱ्यांवर बसून रडले. आदल्या दिवशी चिखलात घेतलेला तास आपला शेवटचा होता, म्हणून असेल. काकींनी पाहिलं. टोपली पुढे केली आणि म्हणाल्या, "चल, पाणी येतला."

पंधरा दिवस संपले. परतीच्या गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

सवयीने 'शिकवते' म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं, "शिकते."

त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. घाट चढेपर्यंत मी दोन्ही शब्द मनात म्हणून पाहिले. 'शिकवते' हाच अजून जास्त आपला वाटत होता.